पहिल्या गुरुवारची व्हॅन

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी जेनिंग्ज गावच्या चर्चची पांढरी व्हॅन म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर जेवायला घेऊन निघायची, आणि हायवेच्या तोंडाशी आली की आतला कलकलाट एकदम बंद पडायचा. उजवीकडे वळलं की लाफायेट. डावीकडे वळलं की लेक चार्ल्स. दोन्ही शहरं सारख्याच अंतरावर. त्या शांततेत क्लोव्हिस लेजेच्या मानेला मागून बघणाऱ्यांचे डोळे टोचायचे, आणि उजवीकडचा दिवा लावायच्या आधी तो आरशात दोनदा बघायचा.

क्लोव्हिसने उभा जन्म भाताचे ट्रक चालवले. शेतातून भात उचलायचं, सुकवणीच्या कोठारावर नेऊन ओतायचं, पुन्हा शेतात. एवढ्या वर्षांत त्याचं कुणाशी वाजलं नाही. निवडणुकीला दोन्ही उमेदवार दारात यायचे, तर हा एकाची पट्टी गाडीच्या पुढे लावायचा आणि दुसऱ्याची मागे. त्याची बायको रीटा जिवंत होती तेव्हा म्हणायची, "ह्याला विचारा, बाहेर पाऊस पडतोय का. हा म्हणेल, तुला काय हवंय?" कुठल्याही भांडणात त्याचं एकच उत्तर ठरलेलं असे: "दोघांचंही बरोबर आहे." फादर ट्रानने व्हॅन त्याच्या हवाली केली ती ह्याच गुणामुळे. फादरचे आईवडील व्हिएतनामहून येऊन ॲबेव्हिलला कोळंबीच्या धंद्यात पडलेले. त्यामुळे खाण्यावरून माणसं किती थराला जातात ते त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तो म्हणाला, "ही व्हॅन एक तर कुणाचंच न ऐकणाऱ्याने चालवावी, नाही तर सगळ्यांचं ऐकणाऱ्याने. पहिल्या जातीचा माणूस मला सापडला नाही."

नियम साधा होता. एक महिना पूर्वेला लाफायेट, दुसरा महिना पश्चिमेला लेक चार्ल्स. पण नियमाने भांडण मिटतं असं ज्याला वाटतं त्याने म्हाताऱ्यांची व्हॅन चालवलेली नाही. वादळामुळे एक महिना बुडाला तर तो नेमका कुणाचा बुडाला, ह्यावरून एकदा ईस्टरपर्यंत अबोला चालला होता. हुलँ घराण्यातल्या मेव्हिस आणि एल्वा ह्या दोघी अविवाहित बहिणी एकाच घरात राहायच्या, पण मेव्हिस पूर्वेची आणि एल्वा पश्चिमेची. व्हॅनमध्ये एक पहिल्या बाकावर बसायची आणि दुसरी शेवटच्या. घरी गंबो, म्हणजे भाताबरोबर खायचा तिकडचा रस्सा, केला की दोन पातेल्यांत.

पूर्वेचा म्होरक्या ॲडली मो. गावात त्याचं खाटकाचं दुकान होतं, ते त्याने गुडघे दुखायला लागल्यावर बंद केलं. हात फावड्यासारखे, आवाज देवळाच्या घंटेसारखा. तांदूळ, डुकराचं मांस, काळीज आणि कांद्याची पात आतड्यात भरून वाफवलेलं त्याचं बुदँ घ्यायला लोक शेजारच्या परगण्यातून यायचे. गंबोबद्दल त्याचं म्हणणं असं, की पीठ तेलात चॉकलेटी होऊन जवळजवळ काळं पडेपर्यंत परतलं पाहिजे, आत कोंबडी आणि धुरावलेलं सॉसेज पाहिजे, आणि वाडग्यातल्या भातावर बटाट्याच्या सॅलडचा गोळा पाहिजे. "चमचा घातला आणि तळ दिसला," तो म्हणायचा, "तर तो गंबो नव्हे. ते तळं."

पश्चिमेची म्होरकी व्हर्ली दुऑन. हॅकबेरीच्या दलदलीकाठी खेकडे पकडत वाढलेली, पुढे जेनिंग्जमध्ये केस कापायचं दुकान काढून गावातल्या सगळ्या डोक्यांची माहिती ठेवणारी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, दुकानही बंद केलं होतं, पण ओळखीच्यांचे केस ती अजून आपल्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून कापायची. तिचं म्हणणं असं, की गंबोत समुद्र दिसला पाहिजे. खेकडे, कोळंबी, भरपूर भेंडी, आणि रस्सा असा की त्यात माणसाला आपला चेहरा दिसावा. "लाफायेटचे लोक पीठ जाळतात," ती म्हणायची, "आणि मग त्याला परंपरा म्हणतात."

लाफायेटला जायचा महिना असला की ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं असायचं. भात, त्यावर मटणाची गडद ग्रेव्ही, बाजूला वाल, कोपराला कोपर लागतोय आणि जो तो ओरडून बोलतोय. पश्चिमेची मंडळी नाक मुरडून बसायची. व्हर्ली रुमालाने चमचा पुसायची, पुन्हा बघायची, पुन्हा पुसायची. एकदा तिच्या आग्रहावरून विद्यापीठाजवळच्या नव्या हॉटेलात गेले, तर तिथे परातीएवढ्या ताटलीत एकच कोळंबी आली आणि तिच्याभोवती कुणीतरी हिरव्या रसाने वेलबुट्टी काढलेली. "हिला एकटीला पाठवली," ॲडली म्हणाला, "बाकीच्या कॉलेजात असतील." तेव्हापासून त्या हॉटेलाचं नाव कुणी काढलं नाही.

लेक चार्ल्सचा महिना असला की ॲडली मांडीवर बर्फाचा डबा घेऊन बसायचा. डब्यात बटाट्याचं सॅलड. "तिकडे मिळत नाही, आणि मिळालं तर त्यात साखर असते," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचा. "लेक चार्ल्स म्हणजे टेक्सासचा ओटा. तिकडचे पाहुणे जुगार खेळायला येतात, त्यांची जीभ पोळू नये म्हणून ह्यांनी तिखट टाकणंच सोडलं. रुमालाची घडी बदकासारखी करतात, पण वाडग्यात बदक शोधून सापडत नाही."

"लाफायेटवाल्यांना वाटतं, येशूचा जन्म त्यांच्याकडे झाला," मागून व्हर्ली.

"तसं कुठे म्हटलं आम्ही? पण जेवायला तो आमच्याकडेच आला असता."

क्लोव्हिस आरशात बघून दोघांकडेही मान हलवायचा.

आता ह्या क्लोव्हिसच्या डोक्यावर, कानांच्या वरची झालर सोडली तर, केस असे नव्हतेच. तरी तो व्हर्लीकडे केस कापायला जायचा. आधी दीड-दोन महिन्यांनी जायचा, मग महिन्याने, आणि त्या वर्षी भाताची कापणी संपल्यावर आठवड्याने. व्हर्लीने टॉवेल त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि ती थांबली.

"क्लोव्हिस, मागल्या आठवड्यात आपण काय केलं होतं?"

"कापले होते."

"मग आता मी काय कापू?"

"कडेकडेने जरा..."

"कडेलाच आहेत तुझे. मध्ये काय आहे?"

समोरच्या चुलीवर काहीतरी रटरटत होतं, तिकडे क्लोव्हिसने बघितलं.

"तू केस कापायला येत नाहीस," व्हर्ली म्हणाली.

"तुम्ही म्हणाल तसं, मिस व्हर्ली."

"हेच. हेच मला तुझं आवडत नाही. तुम्ही म्हणाल तसं, ते म्हणतील तसं. आणि मिस व्हर्ली, मिस व्हर्ली काय? मी तुझी मास्तरीण आहे?" तिने टॉवेल ओढून काढला. "मंगळवारी मला जेवायला घेऊन चल. आणि कुठे जायचं ते तू सांगायचंस."

क्लोव्हिसला एवढा घाम ट्रकचा ब्रेक निकामी झाला होता तेव्हाही फुटला नव्हता. त्याने बराच विचार केला. "लेक चार्ल्स?" तो म्हणाला, पण विचारल्यासारखा.

"मला आवडतं म्हणून, की तुला आवडतं म्हणून?"

"दोन्ही."

"हं," व्हर्ली म्हणाली. "तूर्त चालेल."

मंगळवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून, पिकअप धुऊन आला. तळ्याकाठी गास्तोनचं हॉटेल होतं, तिथे गेले. टेबलावर कापडी रुमाल, खिडकीबाहेर पाणी, पाण्यावर पेलिकन. व्हर्लीने खेकड्याचा गंबो मागवला, ह्यानेही तोच मागवला. खेकड्याची नांगी कुठून मोडायची आणि आतलं मांस कसं ओढायचं ते ती त्याला दाखवत होती, आणि ती बोटं बघताना क्लोव्हिसला मधूनच ऐकू येईनासं होत होतं. त्याने काहीतरी बोलायचं ठरवून घसा साफ केला. तेवढ्यात कुंडीतल्या मोठ्या झाडामागून कडकन आवाज आला. कुणीतरी दातांनी नांगी फोडत होतं.

व्हर्लीने पानं बाजूला सारली.

झाडामागे ॲडली मो बसला होता. एकटा. गळ्यात रुमाल, दोन्ही हात मनगटापर्यंत रश्श्यात, हनुवटीवरून थेंब गळतोय. समोर एक वाडगा रिकामा आणि दुसरा अर्धा.

क्लोव्हिसच्या मनात पहिला विचार आला तो टेबलाखाली जायचा. पण व्हर्ली उठून उभीसुद्धा राहिली होती.

"ॲडली," ती म्हणाली, "डोळे कसे आहेत?"

हे तिने का विचारलं ते सांगायला हवं. ॲडली गेलं वर्षभर मंगळवारचा लेक चार्ल्सला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात असे. फार नाजूक दुखणं आहे, असं त्याने सांगून ठेवलं होतं. रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना व्हायची त्यात त्याचं नाव असायचं. मेव्हिस हुलँ त्याच्या डोळ्यांसाठी दर आठवड्याला मेणबत्ती लावायची.

"दिसतंय," ॲडली म्हणाला. "दिसायला नको तेही दिसतंय."

व्हर्लीने त्याच्या वाडग्यात वाकून पाहिलं. "बटाटा कुठाय?"

ॲडलीने वाडगा स्वतःकडे ओढला.

"ॲडली मो. बटाट्याचं सॅलड कुठाय?"

"ह्यात लागत नाही," तो इतक्या हळू म्हणाला, की क्लोव्हिसला ते ओठांवरून वाचावं लागलं.

व्हर्ली खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. एवढ्या वर्षांच्या लढाईत शत्रू असा हातात सापडला म्हटल्यावर तिला घाई नव्हती. ॲडलीने रुमालाने तोंड पुसलं आणि तहाची बोलणी सुरू केली. "हे बघ. तुम्ही मला पाहिलं नाहीत. मी तुम्हाला पाहिलं नाही."

"तुझे डोळे अधू आहेत, तू आम्हाला बघणारच नाहीस. प्रश्न आमचा आहे."

"पण तू आणि क्लोव्हिस मंगळवारी असे... आणि ह्याने शर्टाला इस्त्री केलीय. मेव्हिसला कळलं तर संध्याकाळपर्यंत फादर लग्नाची तारीख विचारेल."

आता व्हर्लीला पाणी प्यावं लागलं. तह झाला. शेवटी क्लोव्हिसकडे दोघांनी पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे."

पण ह्या तहाचा खरा तोटा क्लोव्हिसलाच झाला. पुढच्या मंगळवारी ते दोघं गास्तोनकडे गेले, तर ॲडलीने लांबूनच हात केला. आता लपायचं कारण उरलं नाही म्हटल्यावर त्याला एकट्याने जेवायचा कंटाळा आला होता. त्याच्या पुढच्या मंगळवारी तर त्याने तिघांचं टेबल धरून ठेवलं होतं. क्लोव्हिस घरून काहीतरी छान बोलायचं जुळवून यायचा. गाडीत ते त्याच्या ओठांवर यायचं, पण तेव्हा व्हर्ली बोलत असायची, आणि हॉटेलात बोलायला लागावं तर मध्येच ॲडली विचारायचा, "त्या पायात मांस राहिलंय, खाणार नसलास तर इकडे दे."

व्हॅनमध्ये मात्र ॲडली पूर्वीपेक्षा मोठ्याने गरजायला लागला. चोराने चौकीदाराहून मोठ्याने हाळी द्यावी तसा. लाफायेटला जाताना तो म्हणाला, "पश्चिमेच्या त्या भेंडीच्या पाण्याने मी बूट धुणार नाही." पूर्वेच्या बाकांवर टाळ्या पडल्या. व्हर्लीने ओठ इतके घट्ट मिटले होते, की लिपस्टिक दातांना लागली. तिने शब्द दिला होता, आणि हॅकबेरीची माणसं शब्द मोडत नाहीत. पण तो पाळताना तिचा रक्तदाब किती वाढला ते तिचं तिलाच ठाऊक.

पुढचा महिना पश्चिमेचा. क्लोव्हिसने मनात तळ्यापासून लांबचं एक हॉटेल हेरून ठेवलं होतं. नेमका त्या गुरुवारी फादर ट्रान बरोबर निघाला. फादर कधी येत नसे. तो पुढच्या सीटवर क्लोव्हिसशेजारी बसला आणि म्हणाला, "तळ्याकाठच्या गास्तोनचं मी फार ऐकलंय. तिकडेच घे."

"तिथे गर्दी असते, फादर."

"तुला काय माहीत?"

क्लोव्हिसने व्हॅन गास्तोनकडे घेतली. आरशात त्याला ॲडलीचा चेहरा दिसला. मांडीवर सॅलडचा डबा धरून तो फाशीच्या कैद्यासारखा बसला होता.

दारात ब्रिजेट नावाची वाढपी पोरगी उभी होती. मंगळवारीही तिचीच पाळी असायची. तिने सगळ्यांमधून ॲडलीला बरोबर हेरलं आणि तिचा चेहरा फुलला.

"मिस्टर ॲडली, परवा आला नाहीत, मला काळजी वाटली. नेहमीचंच ना? खेकड्याचा गंबो, मोठा वाडगा, त्यावर दुसरा, आणि बटाटा नको."

रांग जिथल्या तिथे थांबली. ॲडलीच्या हातात डबा होता, तो त्याने हळूहळू पाठीमागे नेला.

ब्रिजेटला वाटलं, आपलं स्वागत कमी पडलं. ती क्लोव्हिसकडे आणि मग मागे एल्वाबरोबर उभ्या असलेल्या व्हर्लीकडे बघून म्हणाली, "आणि हे नवराबायको आज लांबलांब का? भांडलात?"

बाहेर पेलिकनाने पाण्यात सूर मारला तो आवाज आत ऐकू आला.

"माझ्या मेणबत्त्या," मेव्हिस म्हणाली.

फादर ट्रानने गळ्यातली पट्टी बोटाने जरा सैल केली. "डोळे बरे झाले असं समजू या," तो म्हणाला. "बसा सगळे."

त्या दिवशीचा गंबो फार चांगला होता असं मागाहून कळलं, पण त्या वेळी कुणाचं लक्ष नव्हतं. परतताना पूर्वेची मंडळी ॲडलीकडे पाठ करून बसली. पश्चिमेच्या मंडळींनी त्याहून वाईट केलं. एल्वाने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाली, "ये, ॲडली. आमच्यात जागा आहे." त्यावर ॲडलीने खिडकीला कपाळ टेकवलं, ते जेनिंग्ज येईपर्यंत काढलं नाही.

पुढच्या पहिल्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मंगळवारी गास्तोनकडेही नाही. क्लोव्हिसला आता व्हर्ली एकटी मिळत होती, आणि त्यात एक निराळीच अडचण निघाली. भांडायला ॲडली नसल्यामुळे ती क्लोव्हिसशी भांडायला लागली. "तुला काय वाटतं ते सांग," म्हणायची. हा म्हणायचा, "तुला वाटतं तेच." मग ती काटा खाली ठेवायची आणि तळ्याकडे बघत बसायची.

जानेवारीतल्या गुरुवारी व्हॅन भरल्यावर क्लोव्हिसने ती हायवेकडे न नेता ॲडलीच्या दाराशी नेऊन उभी केली. "आलोच," म्हणून उतरला. ॲडली ओसरीवर अक्रोडासारखे पिकानचे दाणे फोडत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"चल," क्लोव्हिस म्हणाला.

"कुठल्या बाकावर बसू? पूर्वेचे मला गद्दार म्हणतात. पश्चिमेचे माझ्या खांद्यावर थोपटतात."

क्लोव्हिस पायरीवर टेकला. ॲडलीने आणखी दोन दाणे फोडले.

"नोला कॅमेरॉनची होती," ॲडली म्हणाला. नोला म्हणजे त्याची बायको, दोन वर्षांपूर्वी गेलेली. "समुद्रकाठची. दर शुक्रवारी खेकड्यांचा गंबो करायची, पातळ, भेंडी घालून. आणि मी दर शुक्रवारी म्हणायचो, नोला, हे दलदलीचं पाणी आहे. चाळीस वर्षं म्हणालो. ती हसायची आणि माझ्यापुढे सॅलडचा वाडगा सरकवायची. ती गेल्यावर एकदा खरंच डोळे दाखवायला लेक चार्ल्सला गेलो, भूक लागली म्हणून गास्तोनकडे शिरलो." त्याने एक पिकान फोडला, तो किडका निघाला, फेकून दिला. "डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. आता हे मी त्या व्हॅनमध्ये उभं राहून सांगू?"

दोघांचंही बरोबर आहे, हे क्लोव्हिसच्या अगदी जिभेवर आलं. पण इथे दुसरी बाजू नोलाची होती, आणि ती हयात नव्हती. त्याने ते गिळलं.

"नको सांगूस," तो म्हणाला. "पण ये. तू नसलास की व्हर्ली माझ्याशी भांडते."

"मग भांड तू."

"मला मत नाही."

"मत नाही असा माणूस नसतो. तोंड आहे ना तुला? कुठला गंबो आवडतो, काळा की पातळ?"

क्लोव्हिसने दाराबाहेर व्हॅनकडे पाहिलं. काचांना नाकं लावून सगळे इकडेच बघत होते. "खरं सांगू?"

"सांग."

"काळ्याने माझी छाती जळजळते. आणि भेंडी मला नाही आवडत. बुळबुळते."

ॲडलीचा हात दाण्यांवरच थांबला. "मग आवडतं काय तुला?"

"बुदँ."

"हां," ॲडली जरा सैल झाला. आपल्या दुकानाची आठवण ह्याला आहे, असं त्याला वाटलं.

"पेट्रोल पंपावरचं," क्लोव्हिस म्हणाला. एकदा बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना. "तुझ्या दुकानासमोर पंप आहे ना, तिथलं. गरम असतं. कागदात देतात. ट्रकात बसून खायला बरं."

"समोरच्या पंपावरचं."

"हो."

"मी दुकान चालवत होतो तेव्हासुद्धा?"

"तेव्हापासूनच."

ॲडली उठला. मांडीवरचे पिकान ओसरीभर घरंगळले. खुंटीवरची टोपी घेऊन तो गुडघे दुखत असतानाही तरातरा फाटकाबाहेर गेला, व्हॅनचं दार उघडलं आणि पाय वर ठेवता ठेवताच म्हणाला, "ऐका रे, हा आपला ड्रायव्हर काय म्हणतो ते ऐका."

क्लोव्हिस येऊन चाकामागे बसला तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, आणि गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच ती व्हॅन एका बाजूला झाली होती. मेव्हिस म्हणाली, पंपावरच्या बुदँमध्ये काय असतं कोण जाणे. शेवटच्या बाकावरून एल्वा म्हणाली, बरोबर बोललीस. बहिणी एकमेकींशी बोलल्या हे दोघींच्याही लगेच लक्षात आलं नाही.

व्हर्ली पुढे येऊन त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. "म्हणजे इतके मंगळवार..."

"तू होतीस म्हणून येत होतो."

"आणि गंबो?"

"रस्सा प्यायचो. भेंडी रुमालात बांधून ठेवायचो."

व्हर्लीने डोळे मिटून घेतले. "आणि ह्या माणसाला मी हो म्हणायचं ठरवलं होतं."

"मी विचारलं कुठे अजून?" क्लोव्हिस म्हणाला.

"तू विचारेपर्यंत दोघंही जिवंत राहू का? मी माझ्यापुरतं ठरवून ठेवलं होतं."

मागे सगळे कान देऊन ऐकत होते. ॲडलीसुद्धा. क्लोव्हिसने व्हॅन सुरू केली आणि हायवेच्या तोंडाशी आणली. महिना लाफायेटचा होता. त्याने उजवीकडचा दिवा लावला, मग बंद केला, आणि तिथेच चाक पुरतं फिरवून गाडी परत गावात आणली, ती थेट पंपावर. "आज इथे," तो म्हणाला. कुणाला काही न विचारता त्याने घेतलेला हा पहिलाच निर्णय असावा, कारण तो घेतल्यावर त्याच्या तोंडाला कोरड पडली होती.

म्हातारी मंडळी कुरकुरत उतरली. थंडी होती, पण ऊन पडलं होतं. कागदात गुंडाळलेल्या गरम नळ्या हातात घेऊन कुणी व्हॅनच्या पायरीवर बसलं, कुणी भिंतीला टेकून उभं राहिलं. हवा भरायला आलेल्या एका ट्रकवाल्याने टोपी काढून सगळ्यांना नमस्कार केला. ॲडली सगळ्यांत शेवटी उतरला. त्याने एक तुकडा चावला, डोळे बारीक करून चघळला आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"तांदूळ जास्त आहे," तो म्हणाला. आणि आणखी एक घ्यायला आत गेला.

लग्न ईस्टरआधीचे लेंटचे उपास लागायच्या आत उरकलं. जेवणात काळा गंबो होता आणि पातळही होता, आणि नवऱ्यामुलाने दोन्हींकडे न बघता भात आणि बीन्स खाल्ल्या, त्याबद्दल त्याला कुणी बोललं नाही, निदान तोंडावर. ॲडलीने स्वतः केलेलं बुदँ आणलं होतं. बंद दुकानाची कुलपं काढून, यंत्र घासूनपुसून, आठवडाभर तो त्याच्यामागे लागला होता. ताटलीत एक तुकडा घालून तो क्लोव्हिसपुढे येऊन उभा राहिला.

क्लोव्हिसने खाल्लं. सवयीने मान हलवायला गेला, पण शेजारी व्हर्ली होती.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

ॲडलीने ताटली काढून घेतली आणि निघून गेला. पुढच्या शनिवारी पहाटे त्याने पुन्हा केलं, मीठ वाढवून, आणि क्लोव्हिसला फोन करून बोलावलं. त्या शनिवारी पात जास्त झाली होती. त्याच्या पुढच्या शनिवारी वास येऊन शेजारचे दोघं आत शिरले. मार्च संपेपर्यंत शनिवार सकाळी दुकानाबाहेर रांग लागायला लागली होती, आणि समोरच्या पंपाचा मालक मधूनमधून बाहेर येऊन ती किती लांब गेली ते बघून जात होता. व्हर्ली आणि क्लोव्हिस रांगेत असायचे. क्लोव्हिस पुढच्या माणसाला सांगत असायचा, की परवाच्यापेक्षा आज बरं झालंय, पण आतडं अजून जाड आहे; आणि व्हर्ली म्हणायची, "हळू बोल, त्याला ऐकू जाईल."

आतून ॲडली म्हणायचा, "ऐकू गेलंय."